फोटोखालची ओळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी याआधी एकदाच आले होते. चौथीत, पाढे पाठांतराच्या स्पर्धेत, आणि सतराच्या पाढ्यात अडकून खाली उतरले होते. आज समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि नंतर जेवण आहे, तेव्हा अडकले तरी तुम्ही सोडवालच.

विषय 'जुन्या फोटोंतलं गोरेगाव' असा ठरला होता. पण मी बोलणार आहे ते मुख्यतः एकाच फोटोबद्दल, कारण तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसच्या बाहेर, फी भरायच्या खिडकीच्या वर लावलेली ती काळी चौकट. आत एक एकमजली इमारत, उतरतं कौलारू छप्पर, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, मागे डोंगर, आणि उजव्या बाजूला झेंड्याची काठी. खाली ओळ: 'शाळेची पहिली इमारत'. फीच्या रांगेत उभं राहून आपण सगळ्यांनी तो फोटो पाहिलाय. माझ्या मैत्रिणीची तर खात्री होती की गॅलरीत उभी असलेली पुसट आकृती म्हणजे आपले संस्थापक सर.

या वर्षी समितीने ठरवलं की हाच फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घ्यायचा. मला जुन्या पोस्टकार्डांचा नाद आहे हे कोणाला तरी ठाऊक होतं, म्हणून स्कॅनिंगचं काम माझ्याकडे आलं. मी चौकट घरी नेली, मागचे खिळे काढले आणि तिथेच काम बिघडलं.

पण आधी या नादाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९००च्या आसपास जगभर चित्रांची पोस्टकार्डं जमवायचं वेड आलं होतं. मुंबईही त्यात होती. क्लिफ्टन आणि कंपनीसारखे इथले फोटोग्राफर कार्डं काढत, लंडनचे राफाएल टक काढत. छपाई पुष्कळदा जर्मनीत होई. काळ्या-पांढऱ्या फोटोवर तिथे बसून रंग भरणाऱ्याने मुंबई पाहिलेली नसे, त्यामुळे आपल्या समुद्राला भलताच हिरवा रंग आणि पोलिसाच्या पगडीला कुठलाही रंग मिळे. तेव्हा पोस्टकार्डातल्या रंगावरून काही ठरवू नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा तारखेचा. कार्डावर पोस्टाचा शिक्का १९१२चा असला म्हणजे फोटो १९१२चा, असं नसतं. एकच निगेटिव्ह विक्रेते वर्षानुवर्षं वापरत. तारीख काढायची तर चित्रातच शिरावं लागतं. अपोलो बंदराचं कार्ड घ्या. ताजमहाल हॉटेल दिसतंय, म्हणजे साधारण १९०३ किंवा नंतरचं. गेटवे दिसत नाही, म्हणजे १९२४च्या आधीचं. रस्त्यावरच्या ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर ते चित्र विजेच्या ट्राम रुळण्याआधीचं, आणि त्या सुरू झाल्या १९०७ साली. असं दोन्ही बाजूंनी दाबत आणलं की वर्ष चिमटीत येतं. ज्यांनी प्रोग्रॅममधली चूक शोधली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. चूक इथपासून इथपर्यंत कुठेतरी आहे, मग अर्धा भाग बाद करा, मग उरलेल्याचा अर्धा.

तिसरा धडा कार्डाखालच्या ओळीचा. ती ओळ छापणाऱ्याने लिहिलेली असते. फोटो काढणाऱ्याने नव्हे, आणि त्या इमारतीत राहणाऱ्याने तर नव्हेच. हा धडा लक्षात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, यात गोरेगाव कुठे? खरं सांगायचं तर नाही. चोरबाजारातल्या खोक्यांतून आणि इतरांच्या संग्रहांतून मी जेवढी कार्डं चाळली, त्यांत फोर्ट आहे, मलबार हिल आहे, बांद्रा आहे, आणि मग गाडी थेट बोरिवलीला, कान्हेरीच्या लेण्यांसाठी. मधल्या गावांशी पोस्टकार्डवाल्या साहेबाला काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं मी चुकीच्या नावाने शोधतेय. आपल्या स्टेशनाचं जुनं नाव पहाडी, आणि आजही घराच्या कागदांवर 'मौजे पहाडी गोरेगाव' असतंच. पहाडीची इंग्रजी स्पेलिंगं तऱ्हेतऱ्हेने करून पाहिली. तरी काही नाही. गोरेगाव पोस्टकार्डावर येण्याच्या लायकीचं झालं ते १९४९ साली आरे दुग्ध वसाहत आल्यावर. मग मात्र रंगीत कार्डांच्या संचात हँगिंग गार्डन, मरीन ड्राइव्ह आणि त्यांच्या पंगतीत आपलं आरे. माझ्याकडे एक आहे. हिरवळ, झाडं, वर निळं आकाश. म्हशी एकही नाही.

तर चौकटीकडे परत.

मागचा पुठ्ठा काढला तेव्हा फोटोच्या पाठीवर इंग्रजीत 'पोस्ट कार्ड' असं छापलेलं निघालं. मधोमध उभी रेघ, एकीकडे मजकुराची जागा, दुसरीकडे पत्त्याची. मला आनंद झाला. हे विकायला छापलेलं कार्ड नव्हतं. छापील कार्डावर भिंग धरलं की बहुतेक वेळा ठिपके किंवा दाणे दिसतात. इथे ठिपके नव्हते, सलग करड्या छटा होत्या. म्हणजे खरा फोटो. पूर्वी असे कागद तयार मिळत, एका बाजूला फोटोचा मसाला आणि दुसऱ्या बाजूला पोस्टकार्डाची छपाई. स्टुडिओवाला तुमच्या घराचा, लग्नाचा, बाळाचा फोटो त्यावर काढून द्यायचा, तुम्ही तिकीट लावून गावी पाठवायचा. कोडॅकने १९०३ साली या मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेराच बाजारात आणला होता. म्हणजे कोणीतरी आपल्या घराचा फोटो काढून घेतला होता आणि तो पाठवायचा राहून गेला होता. पाठ कोरी. नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही.

दुसरी गोष्ट. चौकटीत फोटोभोवती पुठ्ठ्याची पट्टी होती. तिने फोटोच्या चारही कडा थोड्या झाकल्या होत्या. ती पट्टी निघाली आणि उजवीकडे झेंड्याच्या काठीच्या पलीकडे दुसरी काठी दिसली. डावीकडे तिसरी. तिन्ही एका ओळीत, सारख्या उंचीच्या. स्कॅन मोठा केला तर काठ्यांना आडवे हात होते आणि त्यांवरून तारा गेल्या होत्या.

मित्रमैत्रिणींनो, ज्या काठीवर आपला पंधरा ऑगस्टचा झेंडा फडकला असं आपण धरून चाललो होतो, तो रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचा खांब आहे.

मी आधी खूश झाले. तारीख मिळाली! आपल्या लाइनीवर कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या ५ जानेवारी १९२८ला सुरू झाल्या. म्हणजे फोटो त्याच सुमाराचा किंवा नंतरचा. आपली शाळा स्वातंत्र्यानंतरची, त्यामुळे इथपर्यंत सगळं जुळत होतं. रात्री झोपायला जाताना मात्र एक गोष्ट टोचायला लागली. फोटोत सगळ्यात पुढे गवत आहे. मग खांब, म्हणजे रूळ. रुळांच्या पलीकडे इमारत. इमारतीच्या मागे डोंगर.

आता डोळे मिटा आणि लहानपणीचं गोरेगाव आठवा. डोंगर कुठे होता? पूर्वेला. आरे, दिंडोशी, त्या बाजूला. पश्चिमेला खाजण आणि खाडी. मग फोटो काढणारा रुळांच्या पश्चिमेला उभा राहून पूर्वेकडे बघतोय आणि इमारत रुळांच्या पलीकडे, पूर्वेला आहे. आपली शाळा मात्र पश्चिमेला, घोडबंदर रोडच्या, म्हणजे आताच्या एस. व्ही. रोडच्या आतल्या अंगाला, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत सुरू झाली. हे आपल्याला पहिलीपासून दर स्थापनादिनाला सांगितलं गेलंय.

हे मी आमच्या तुकडीच्या ग्रुपवर टाकलं आणि जो गोंधळ उडाला तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल.

पहिली शंका: फोटो उलटा छापला असेल. असं होतं, निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. पण पुढे-मागे बदलत नाही. उलट्या फोटोतही रूळ इमारतीच्या पुढेच राहतात आणि डोंगर मागेच.

दुसरी शंका सावल्यांची, आणि ती आपल्यातल्याच भूगोलाच्या शिक्षिकेने काढली. दर्शनी भिंतीवर ऊन आहे, खांबांच्या सावल्या इमारतीकडे पडल्यात, म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी. दुपार असेल तर तो पूर्वेकडे बघतोय हे खरं, पण सकाळ असेल तर? मग तो पश्चिमेकडे बघत असेल. अगदी बरोबर. सावली एकटी काही सिद्ध करत नाही. त्यातून आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. सूर्य कायम दक्षिणेकडून जातो हे पुस्तकी वाक्य मुंबईला बारा महिने लागू नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. म्हणून इथल्या फोटोत सावलीवरून दिशा काढणाऱ्याने आधी महिना विचारावा. निकाल लागणार होता तो डोंगरानेच.

तिसरी शंका नव्हती, उत्साह होता. एकाने फोटो मोबाइलच्या अ‍ॅपमधून 'स्वच्छ' करून टाकला. गॅलरीच्या वर एक धूसर आयत आहे, ती पाटी असावी. अ‍ॅपने त्या पाटीवर चक्क अक्षरं काढून दिली. दहा मिनिटांत तिघांना तिथे 'विद्या' दिसलं, एकाला 'मंदिर'. मी ती अक्षरं मोठी करून पाहिली. ती देवनागरी नव्हती, इंग्रजी नव्हती, गुजराती नव्हती. कुठल्याच लिपीची नव्हती. असं अ‍ॅप फोटोतलं झाकलेलं उघडं करत नाही, इमारतीवर पाटी बहुधा कशी दिसते याचा अंदाज करून ती रंगवतं. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा आहे म्हणून कळकळीने सांगते, जुना फोटो ओळखायचा असेल तर आधी असा स्वच्छ करू नका. धूसर आहे तर धूसर पाहा. जर्मनीतला तो रंगारी आणि हे अ‍ॅप, दोघांनी मुंबई सारखीच पाहिलेली आहे.

डोंगराचा निकाल लावायला मी फेब्रुवारीत एका संध्याकाळी जवाहरनगरात गेले. जमिनीवरून आता डोंगर दिसत नाही, मध्ये टॉवर आहेत. आपल्याच शाळेतला एक सिव्हिल इंजिनिअर तिथे पुनर्विकासाच्या कामावर आहे. त्याने हेल्मेट दिलं आणि सतराव्या मजल्यावरच्या उघड्या स्लॅबवर नेलं. संध्याकाळ मुद्दाम, कारण तेव्हा ऊन डोंगराच्या आपल्या अंगावर पडतं. फोटोत डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे आणि तिच्या पुढ्यात जवळच्या टेकाडाचा उतार येतो. मी फोटो धरून उभी राहिले. टॉवरच्या फटीतून आधी काहीच जुळेना. मग बाजूच्या कोपऱ्यात गेलो आणि खाच आली. खाच होती, उतार होता, फक्त दोघांतलं अंतर फोटोपेक्षा जास्त होतं. म्हणजे फोटोवाला आमच्या जागेपासून बाजूला सरकून उभा होता. जागा बदलली की मागचे-पुढचे डोंगर एकमेकांवरून सरकतात. उंचीने मात्र डावं-उजवं बदलत नाही, त्यामुळे सतरावा मजला चालला.

एवढ्यावरून एक रेघ मिळते. खाच आणि उतार फोटोतल्यासारखे जुळतात अशा सगळ्या जागांची रेघ. मी ती नकाशावर ओढली. ती रूळ ओलांडते आणि पूर्वेला उतरते. त्या रेघेवरच कुठेतरी ही इमारत होती. नेमका बिंदू काढायला दुसरी रेघ हवी, त्यासाठी फोटोत दुसरी ओळखीची खूण हवी, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, काहीही. ती नाही. सिटी सर्व्हेचा नकाशा पाहिला, त्या पट्ट्यात बसण्यासारखे चार-पाच चौकोन आहेत. सगळ्यांवर आता उंच इमारती आहेत. मी तिथे थांबले.

आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं. जुन्या वहीच्या पहिल्या पानावर शाळेचा पत्ता आहे. पश्चिमेचा.

मुख्य गोष्ट अजून पुढे आहे. एवढं सगळं झाल्यावर मी आपल्या बाईंना भेटायला गेले. मराठीच्या बाई, नाव सांगायची गरज नाही, त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी लॅपटॉप उघडला, नकाशा दाखवला, रेघ दाखवली. बाईंनी चष्मा लावून सगळं शांतपणे पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, हा तर अमक्यांच्या घरचा फोटो. ते गोरेगाव सोडून गेले तेव्हा शाळेला एक कपाट दिलं होतं, त्याच्या खणात निघाला. तू हे आधी मला का नाही विचारलंस?"

चार महिने, मित्रमैत्रिणींनो. हेल्मेट घालून सतराव्या मजल्यावर. आणि बाई राहतात माझ्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे.

मग बाईंनी बाकीचं सांगितलं. रौप्यमहोत्सवात शाळेचा इतिहास सांगणारं एक प्रदर्शन भरवलं होतं. जुन्या जागेचा फोटो कोणाकडेच नव्हता. तेव्हा चित्रकलेच्या सरांनी हा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, 'आपली शाळा सुरुवातीला अशाच एका घरात भरत असे म्हणे.' सरांना स्वतःला ठाऊक होतं की हे ते घर नाही. म्हणून 'अशाच'. म्हणून 'म्हणे'. प्रदर्शन संपलं. फोटो चांगला दिसत होता म्हणून कोणीतरी तो चौकटीत घातला. चौकटीखाली एवढी लांब ओळ मावत नव्हती. 'अशाच' गेलं, 'म्हणे' गेलं, उरलं 'शाळेची पहिली इमारत'. पुढे एका वार्षिक अंकात तसंच छापलं गेलं आणि मग तो पुरावा झाला.

यात कोणाची लबाडी नाही. मला हसायचाही अधिकार नाही. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी एक बंगल्याचा फोटो 'हा बहुतेक आरे रोडवरचा' असं लिहून ग्रुपवर टाकला होता. तो बंगला पार्ल्यातला निघाला. मी दुरुस्ती टाकली, ती कोणी पुढे पाठवली नाही. मूळ फोटो फिरत फिरत दोन वर्षांनी माझ्याकडेच परत आला, खाली माझंच वाक्य. 'बहुतेक' तेवढं गळालेलं.

समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा शांतता पसरली. मग एक काका म्हणाले, आणि ते प्रेमानेच म्हणाले, "कशाला उगाच? त्या फोटोकडे बघून चारशे माणसांचा ऊर भरून येतो. कोणाचं काय बिघडलंय?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्या चौकटीखाली मीही उभी राहिले आहे. माझे वडील मला पहिल्या दिवशी शाळेत घेऊन आले तेव्हा त्यांनी बोट दाखवलं होतं, "ही बघ, एवढीशी होती शाळा." वडील आता नाहीत. तो फोटो खोटा म्हणताना मला काही सुख होत नव्हतं.

उत्तर नंतर मिळालं, घरी. बिघडलंय ते असं. भिंतीवर एक फोटो होता म्हणून इतकी वर्षं खऱ्या जागेबद्दल कोणी विचारलंच नाही. प्रश्न मिटलेला होता ना! पहिल्या तुकड्यांतली मुलं आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्या दोन खोल्या त्यांनी पाहिल्या आहेत, त्यांत बसून बाराखडी गिरवली आहे. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी, जेव्हा त्यांची संख्या जास्त होती आणि ती सगळी इथेच आसपास राहत होती, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. आता ती माणसं विरारला आहेत, पुण्याला आहेत, मुलांकडे अमेरिकेत आहेत. पुनर्विकासाने घरं पडतात ते डोळ्यांना दिसतं. शेजार पांगतो ते दिसत नाही. सिद्धार्थनगरच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं घरं रिकामी करून गेली आणि किती वर्षं बाहेर राहिली ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्या वस्तीतला एखादा फोटो उद्या सापडला तर 'ही कोणाची खोली' हे सांगायला शेजारी कुठून आणायचा?

तर समितीने शेवटी ऐकलं, त्यांचे आभार. मुखपृष्ठावर तो फोटो नसेल. स्मरणिकेच्या आतल्या पानावर असेल, पूर्ण, कडा न झाकता, तिन्ही खांबांसह. ओळही ठरली आहे: 'गोरेगाव पूर्व, रेल्वेमार्गाजवळचे एक घर, १९२८ किंवा नंतर. शाळेच्या संग्रहातून.' ज्यांचं घर होतं त्या कुटुंबाचा पत्ता बाईंच्या ओळखीतून मिळाला आहे, त्यांना फोटोची प्रत पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही. चौकटही खिडकीच्या वर परत लागेल, नव्या ओळीसह. काकांना सांगते, ऊर भरून यायला हरकत नाही. ते गोरेगावातलंच घर आहे, कोणीतरी हौसेने फोटो काढून घेतलेलं.

आता खऱ्या जागेबद्दल. तिचा फोटो नाही, निदान आजपर्यंत मिळालेला नाही. पण गेल्या महिन्यात मी पहिल्या तुकड्यांतल्या तिघांना गाठलं. एक मालाडला, एक इथेच पांडुरंगवाडीत, एका आजींशी फोनवर बोलले आणि त्यांच्या नातवाने कागदाचा फोटो पाठवला. तिघांना एकमेकांशी न बोलता त्या दोन खोल्यांचा नकाशा काढायला सांगितला. तिघांनीही विहीर काढली आहे. तिघांनीही पायऱ्या तीनच काढल्या आहेत. दोघांनी चिंचेचं झाड काढलंय. तिसऱ्या आजोबांनी झाड काढलं नाही, पण फोनवर म्हणाले की दप्तरात चिंचा सापडल्या म्हणून गुरुजींनी छड्या दिल्या होत्या. म्हणजे झाड होतं असं मी धरते, आणि इथे 'धरते' हा शब्द कृपा करून गाळू नका.

एका गोष्टीवर तिघांचं जमत नाही. दार. एकाने विहिरीच्या बाजूला दाखवलंय, एकाने रस्त्याच्या बाजूला, आणि आजी म्हणतात दोन दारं होती, मुलींचं वेगळं.

तुमच्या घरच्या अल्बममध्ये पाहा. मला शाळेचे फोटो नकोत, ते आपल्याकडे ढीगभर आहेत. मला तुमच्या आत्याच्या लग्नाचे, भावाच्या मुंजीचे, नव्या स्कूटरला हार घातलेले फोटो हवेत. अनुपम, सम्राट, टोपीवाला, कुठल्याही टॉकीजपुढे उभे राहून काढलेले. त्यांत माणसांच्या मागे काय आहे ते मला बघायचंय. गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या फोटोत वरातीच्या बँडमागे घोडबंदर रोडचा पन्नासच्या दशकातला एक अख्खा कोपरा मिळाला, दुकानाच्या पाटीसकट. ती पाटी खरी आहे, मी तपासली. फोटो मी घेऊन जाणार नाही, इथेच मोबाइलने टिपून लगेच परत देईन. पाठीवर काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नको, ते दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं. आणि ऐकीव असेल तर 'ऐकीव' असंच लिहा.

जेवणानंतर चहाच्या टेबलाशेजारी मी बसणार आहे. तिन्ही नकाशे, ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिली तिथे आहेत. पहिल्या पाच तुकड्यांपैकी जे आज आले आहेत, मी मोजले, सात जण आहेत, त्यांनी दार कुठल्या बाजूला होतं तेवढं सांगावं आणि मगच बटाटेवड्याकडे जावं. कृपया आधी एकमेकांना विचारू नका.